भमकाराची दोरी : कातीव काम, काष्ठपात्र आणि धम्मातील कारागीर

वेरूळच्या लेणीसमूहातील दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहास परिसरातील लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणत आले आहेत. ग्रंथांतून त्याचे नाव ‘विश्वकर्मा लेणे’ असे आढळते. इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमारास डोंगर कोरून तयार केलेल्या या चैत्यगृहाच्या कमानदार छताला दगडाच्या फासळ्या आहेत. लाकडी इमारतीत वासे बसवावेत तशा त्या ठराविक अंतराने कोरलेल्या आहेत. वस्तुतः तेथे लाकडाचा एक तुकडाही नाही. आत स्तूपाच्या दर्शनी भागी भगवान बुद्धांची भव्य मूर्ती पाय खाली सोडून बसलेली आहे. एकोणिसाव्या शतकात लेण्यांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स बर्जेस यांच्या काळी सुतार मंडळी या ठिकाणी येऊन त्याच मूर्तीची विश्वकर्मा समजून, म्हणजे आपल्या कसबाचे दैवत मानून, पूजा करीत असत.

बुद्धाचा देव झाला, ही गोष्ट खेदाची खरी. तथापि या विपर्यासातही एक सत्य दडलेले आहे. धम्माचा शब्दही ज्यांच्या कानी उरला नव्हता, त्या कारागिरांना त्या पाषाणात आपल्या हाताचे काम ओळखू आले होते. ही ओळख केवळ छताच्या फासळ्यांपुरती होती काय? तथागतांच्या उपदेशात कारागिराला काही स्थान होते काय? असल्यास ते कोणते? प्रस्तुत लेखात लाकूड कातण्याच्या एकाच कसबाचा धागा धरून या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

१. कातारी व त्याची दोरी

मराठीत लाकूड कातणाऱ्यास कातारी म्हणतात. खरादी हा शब्दही प्रचारात आहे. सूत कातणे आणि लाकूड कातणे या दोन्ही कामांना आपली भाषा एकच क्रियापद वापरते. सुतार लाकूड स्थिर ठेवतो आणि हत्यार चालवितो. कातारी नेमके याच्या उलट करतो. त्याचे हत्यार जवळजवळ स्थिर असते आणि लाकूड त्याच्यापुढे फिरते. म्हणूनच त्याच्या हातून उतरणारी वस्तू गोल असते : लाटणे, रवी, भोवरा, पाळण्याचे दांडे, बाजेचे पाय, कुंकवाचा करंडा, पेला.

विजेची मोटार येण्यापूर्वी हे काम दोरीवर चाले. जमिनीलगत दोन खुंट रोवावयाचे, त्यांना समोरासमोर लोखंडी अणी बसवावयाच्या आणि त्या दोन अणींमध्ये लाकूड अडकवावयाचे. लाकडाला दोरीचे वेढे देऊन तिची दोन टोके आळीपाळीने ओढली, की लाकूड एकदा या बाजूस व एकदा त्या बाजूस फिरते. पुष्कळदा दोरी ओढण्याचे काम शिकाऊ गडी करी आणि कातारी जमिनीवर बसून दोन्ही हातांनी पटाशी धरी. एकटाच काम करणारा कातारी उजव्या हाताने दोरी लावलेले धनुकले मागेपुढे करी, डाव्या हाताने हत्यार धरी आणि ते हलू नये म्हणून पायाच्या बोटांचा आधार देई. अशा यंत्रावर लाकूड एकाच दिशेच्या फेऱ्यात कापले जाते. उलट फेऱ्यात हत्यार किंचित मागे घ्यावे लागते, नाहीतर धार बोथट होते आणि लाकडाचे तंतू उचकटतात. ओढ आणि सोड, काप आणि विसावा अशा लयीत हे काम चालते.

पेला कातणे ही या कसबाची खरी परीक्षा होय. बाहेरची बाजू दोन अणींमध्ये उतरविता येते. पण आतली पोकळी तशी कोरता येत नाही, कारण समोरची अणी पेल्याचे तोंडच अडवून बसते. म्हणून लाकडाचा बूड फिरत्या दांड्याच्या टोकात घट्ट ठोकून बसवितात आणि दुसरे टोक मोकळे ठेवतात. मग आकडीसारखे वाकडे हत्यार आत घालून थोडे थोडे लाकूड काढावे लागते. आत धार कोठे टेकली आहे हे डोळ्यांना नीट दिसत नाही. ते हाताला आणि कानाला कळते. भिंत पातळ होऊ लागली की आवाज बदलतो. त्या क्षणी दोरीला जरा जास्त हिसका बसला, तर कड तडकते आणि सारा दिवस वाया जातो. लाकूड ओले असले तर ते कापायला सोपे, पण वाळताना वेडेवाकडे होते. भिंतीची जाडी सारखी नसेल तर त्याला चीर पडते. सर्व नीट साधले, तर लाखेची कांडी फिरत्या पेल्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगाला चिकटते आणि केवड्याच्या पानाने ती सारखी पसरविली की चकाकी येते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरील आणि कर्नाटकातील चन्नपट्टणच्या बाहुल्यांवरील रंग अशाच लाखेचा असतो.

हे यंत्र फार जुने आहे. इजिप्तमधील पेटोसिरिस नावाच्या धर्माधिकाऱ्याच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरच्या सुमारास कोरलेल्या एका शिल्पपटात, एक मनुष्य दोरी ओढीत आहे आणि दुसरा हत्यार लावून कातीत आहे, असे दृश्य आहे. कातण्याच्या यंत्राचे हे सर्वांत जुने ज्ञात चित्र समजले जाते. आपल्या देशात त्या काळचे असे चित्र नसले, तरी त्याहून बोलका असा एक पुरावा पालि वाङ्मयात सुरक्षित आहे.

२. सतिपट्ठान सुत्तातील दृष्टान्त

मज्झिमनिकायातील दहावे सुत्त म्हणजे सतिपट्ठान सुत्त. दीघनिकायात ते महासतिपट्ठान सुत्त या नावाने विस्ताराने आले आहे. कुरू जनपदातील कम्मासधम्म या निगमात भगवंतांनी हा उपदेश केला. त्यातील पहिलीच साधना श्वासोच्छ्वासाच्या जाणिवेची आहे. भिक्षूने दीर्घ श्वास घेताना आपण दीर्घ श्वास घेत आहोत हे जाणावे, ऱ्हस्व श्वास घेताना आपण ऱ्हस्व श्वास घेत आहोत हे जाणावे. ही गोष्ट समजावून देण्यासाठी भगवंत ज्याचे उदाहरण देतात तो राजा नाही, योद्धा नाही, यज्ञवेत्ता ब्राह्मणही नाही. तो आहे भमकार, म्हणजे कातारी. कुशल भमकार किंवा त्याचा अंतेवासी लांब ओढ घेताना ती लांब आहे हे जाणतो आणि आखूड ओढ घेताना ती आखूड आहे हे जाणतो. भिक्षूचेही तसेच असावे, असा त्या दृष्टान्ताचा आशय आहे.

‘भम’ म्हणजे संस्कृतातील ‘भ्रम’, फिरणे. फिरविण्यातून वस्तू घडविणारा तो भमकार. सुत्तात ‘ओढण्या’चे क्रियापद आहे, यावरून ते यंत्र दोरीचे होते हे उघड होते. अट्ठकथाकारांनी याचा खुलासा मोठ्या बारकाईने केला आहे. नगाऱ्याच्या खोडासारख्या मोठ्या वस्तू कातताना कारागीर हातपाय पसरून लांब ओढ घेतो आणि हस्तिदंताच्या सुयांसारख्या लहान वस्तू कातताना हळूहळू आखूड ओढ घेतो, असे ते सांगतात. हातांबरोबर पायांचाही उल्लेख करणाऱ्या या टीकेमागे जमिनीवर बसून काम करणारा खरा कारागीर पाहिल्याचा अनुभव असला पाहिजे.

या दृष्टान्ताचे मर्म समजण्यासाठी यंत्राची गती ध्यानात घेतली पाहिजे. आजचा लेथ एकाच दिशेने अखंड फिरतो. त्यावरून श्वासाची कल्पना येणार नाही. दोरीचे यंत्र मात्र श्वासासारखेच मागेपुढे चालते. श्वास आत येतो व बाहेर जातो, तशी दोरी एकदा इकडे येते व एकदा तिकडे जाते. कारागीर त्या येरझारेबरोबर वाहून जात नाही. त्याचे लक्ष लाकूड आणि धार यांच्या स्पर्शबिंदूवर असते; तरीही ओढ लांब झाली की आखूड, हे त्याला निराळे पाहावे लागत नाही. पुढे पटिसंभिदामग्ग आणि आचार्य बुद्धघोषांचा विसुद्धिमग्ग या ग्रंथांत याच साधनेसाठी करवतीचा दृष्टान्त आला आहे. लाकूड कापणाऱ्याची स्मृती करवतीचे दाते जेथे लाकडाला लागतात तेथे असते. येणारे-जाणारे दाते तो मोजीत नाही, पण ते त्याला अज्ञातही नसतात. श्वासाच्या साधनेसाठी परंपरेने पुन्हा लाकूडकामाकडेच वळावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

आणखी एक शब्द येथे महत्त्वाचा आहे. भगवंत भमकाराबरोबर त्याच्या अंतेवासीचाही उल्लेख करतात. गुरूजवळ राहून शिकणारा तो अंतेवासी. भिक्खुसंघात आचार्यांजवळ शिकणाऱ्या भिक्षूलाही हाच शब्द आहे. कातारसाळेतील शिकाऊ मुलगा आणि विहारातील शिकाऊ भिक्षू हे दोघे एकाच नावाने ओळखले जात. दोघांनाही ज्ञान मिळते ते पाहून, करून, चुकून आणि पुन्हा करून. मंत्र पाठ केल्याने कोणालाही पेला कातता येत नाही, आणि केवळ सूत्र पाठ केल्याने कोणाचीही स्मृती जागी होत नाही.

३. चंदनाच्या पात्राची कथा

कातारी साधकाचा आदर्श झाला, पण त्याने घडविलेले लाकडी पात्र मात्र संघाने नाकारले. ही हकिगत विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे.

राजगृहातील एका श्रेष्ठीला मौल्यवान चंदनाचा ओंडका मिळाला. त्याचे पात्र करवून घ्यावे, निघालेला भुसा आपल्याला होईल आणि पात्र दान देता येईल, असा त्याने विचार केला. मूळ पालीत पात्र करवून घेण्यासाठी जे क्रियापद आहे ते ‘लिख्’ या धातूपासून झाले आहे. खरवडणे, कोरणे, कातणे आणि लिहिणे हे सर्व अर्थ त्यात सामावतात. भमकाराच्या कामाचे वर्णन करताना अट्ठकथाकारही हाच धातू वापरतात. तेव्हा हे चंदनपात्र कातीव असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे.

श्रेष्ठीने पात्र शिंक्यात ठेवले, एकापुढे एक वेळू बांधून त्यांच्या टोकाला ते उंच टांगले आणि जाहीर केले की जो श्रमण वा ब्राह्मण अर्हत आणि ऋद्धिमान असेल त्याने ते उतरवून घ्यावे. त्या काळच्या प्रसिद्ध गणाचार्यांनी पात्रावर हक्क सांगितला, पण कोणालाही ते मिळाले नाही. अखेरीस स्थविर पिंडोल भारद्वाज आकाशात उठले, पात्र घेतले आणि त्यांनी राजगृहाला तीन प्रदक्षिणा घातल्या, असे कथा सांगते. लोक गलका करीत त्यांच्या मागे लागले. तो गलका ऐकून भगवंतांनी चौकशी केली, संघ एकत्र बोलाविला आणि एका क्षुल्लक लाकडी पात्रासाठी गृहस्थांसमोर चमत्कार दाखविल्याबद्दल पिंडोलांची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. पात्राचे तुकडे करून त्याची पूड करावी आणि ती भिक्षूंना अंजनात सुगंधासाठी वाटून द्यावी, असा आदेश झाला. गृहस्थांना ऋद्धिप्रातिहार्य दाखवू नये आणि लाकडी पात्र वापरू नये, असे दोन नियम त्या प्रसंगी घालून देण्यात आले. त्यापाठोपाठ सोने, रुपे, रत्न, स्फटिक, कासे, काच, कथील, शिसे, तांबे यांची पात्रेही निषिद्ध ठरली. लोखंड आणि माती या दोनच पदार्थांच्या पात्रांना अनुमती राहिली.

या कथेतील उड्डाण खरे की खोटे, यात गुंतून पडण्याचे कारण नाही. कथेचा निष्कर्षच चमत्काराच्या विरुद्ध आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी. पात्र नाकारले गेले ते लाकूड अपवित्र म्हणून नव्हे, किंवा कातारी हलका म्हणूनही नव्हे. ते नाकारले गेले ते बक्षीस झाले म्हणून. ज्या वस्तूत अन्न मागून खावयाचे ती वस्तू उंच काठीवर टांगलेले पारितोषिक झाली, की तिचा स्वभाव बदलतो. शिवाय चंदनाची नासधूस करण्यात आली नाही. पूड वाटली गेली आणि कारागिराने हाताळलेल्या लाकडाचा सुगंध सर्व भिक्षूंच्या वाट्याला आला. एकाची मालमत्ता संघाची झाली.

कालांतराने उपासकांच्या श्रद्धेने जो मार्ग घेतला तो मात्र उलटा होता. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथील स्तूप उत्खनित केला. स्तूपाच्या गाभ्यातील दगडी पेटीत तांब्याचा मोठा करंडक होता आणि त्यात रुपे, दगड, स्फटिक व सोने यांचे करंडक एकात एक ठेवलेले होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात होते मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. ते भगवंतांच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून पुजले गेले असावेत, असे पंडित भगवानलाल यांचे मत होते. तांबे, रुपे, स्फटिक आणि सोने हे चारही पदार्थ भिक्षापात्रासाठी विनयाने वर्ज्य केलेले. त्या सर्वांच्या पोटात जपून ठेवलेली वस्तू मात्र विनयाला मान्य असलेली साधी माती. भक्तांनी नियम कदाचित विसरला असेल. त्या खापऱ्यांनी तो विसरला नाही.

४. दगडात उतरलेले कातीव काम

करंडक आणि कातारी यांचा संबंध केवळ शब्दाचा नाही. सांची परिसरातील स्तूपांतून १८५१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम आणि मेसी यांनी काढलेले शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाचे धातुकरंडक, तसेच १८९८ साली पिप्रहवा येथे मिळालेले करंडक हे कातून घडविलेले आहेत. कातीव कामाखेरीज त्यांची ती निर्दोष गोलाई संभवत नाही. सारिपुत्त आणि महामोग्गल्लान यांचे धातू अशा कातीव करंडकांत ठेवलेले होते. ज्या कारागिराच्या ओढीवरून भिक्षू श्वास जाणायला शिकला, त्याच कारागिराच्या पात्रात अग्रश्रावकांच्या अस्थी विसावल्या.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात, या कसबाच्या खुणा दगडात पाहावयास मिळतात. कन्नड तालुक्यातील पितळखोरे हे हीनयान काळातील महत्त्वाचे केंद्र. म. न. देशपांडे यांनी १९५९ मध्ये त्याचा सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथील चैत्यगृहाच्या स्तूपात स्फटिकाचे धातुकरंडक मिळाले. स्फटिक पटाशीने कापला जात नाही. तो अधिक कठीण पुडीने सावकाश घासून घडवावा लागतो. अजिंठ्याच्या दहाव्या चैत्यगृहात छताला एके काळी लाकडी फासळ्या होत्या; त्यांच्या खोबणी तेथे अद्याप दिसतात. अजिंठ्याच्या एकोणिसाव्या लेण्यातील स्तूपावर एकावर एक छत्रे चढत गेली आहेत. त्यांच्या कडा, गळे आणि वलये कातीव लाकडाची आठवण करून देतात. वास्तविक डोंगरातच अडकलेला स्तूप कोणी फिरवू शकत नाही. जी गोलाई कातारी लाकूड फिरवून मिळवितो, ती येथील पाथरवटांनी छिन्नीने, स्तूपाभोवती स्वतः फिरून मिळविली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेशातील मद्यपी मंडळींच्या हाती पेले रंगविलेले आहेत. विहाराला पात्र वर्ज्य असले, तरी चित्रकाराने जगातील पेला पाहिला होता.

एका पदार्थातले कसब दुसऱ्या पदार्थात गेल्याची याहून स्पष्ट साक्ष शिलालेख देतात. पितळखोऱ्याच्या प्रसिद्ध यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास नावाच्या हिरण्यकाराने, म्हणजे सोनाराने, केल्याचे कोरलेले आहे. ही मूर्ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सांचीच्या महास्तूपाच्या दक्षिण तोरणावरील काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचा लेख आहे. कार्ले येथील चैत्यगृहाचे द्वार धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने केल्याचे त्याचा लेख सांगतो. त्याच चैत्यगृहात स्तूपावरील लाकडी छत्र आणि छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांनंतर आजही उभ्या आहेत. पूर्वी औरंगाबाद जिल्ह्यात असलेले आणि १९८१ पासून जालना जिल्ह्यात गेलेले भोकरदन हे सांचीच्या लेखांत येणारे भोगवर्धन. तेथील उत्खननात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती मिळाली असून तिचे नाते १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी जोडले जाते.

सोनार दगड घडवितो, हस्तिदंत कोरणारा तोरण घडवितो, सुतार डोंगरात दार घडवितो आणि हे सर्वजण आपले नाव वा आपला व्यवसाय निःसंकोचपणे कोरून ठेवतात. ज्या समाजात हे घडत होते, त्या समाजात व्यवसायांच्या भिंती निदान चैत्याच्या आवारात तरी अभेद्य नव्हत्या.

५. हीन कोणते, श्रेष्ठ कोणते?

याचा अर्थ त्या काळी कारागिरांकडे तुच्छतेने पाहिले जात नव्हते असा मात्र नाही. विनयपिटकातच त्याचा स्पष्ट पुरावा आहे. दुसरा पाचित्तिय नियम अपमानकारक बोलण्याविषयी आहे. त्याच्या विवेचनात लोक ज्यांना हीन समजत अशा जाती व शिल्पे यांची नोंद आहे. हीन जातींत चांडाल, वेण, निषाद, रथकार आणि पुक्कुस. हीन शिल्पांत बुरूडकाम, कुंभारकाम, विणकाम, चर्मकाम आणि न्हाव्याचे काम. श्रेष्ठ शिल्पांत हिशेब, गणना आणि लेखन. भमकाराचे नाव हीनांच्या यादीत नाही. पण लाकडाशी जन्म जोडलेला रथकार मात्र हीन जातींत आहे. या यादीला जोडलेले एक वाक्य विशेष लक्ष देण्यासारखे आहे. त्या त्या जनपदात जे तुच्छ मानले जाते तेही हीन, असे ते सांगते. म्हणजे हीनत्व वस्तूत नसून लोकांच्या समजुतीत आहे आणि ते प्रदेशागणिक बदलते, याची जाणीव विनयकारांना होती. हा सर्व तपशील कशासाठी? जाती किंवा शिल्प काढून सहभिक्षूला हिणविणे हा अपराध आहे, हे सांगण्यासाठी.

आता ही यादी सुत्तपिटकातील दृष्टान्तांशेजारी ठेवून पाहावी. सामञ्ञफल सुत्तात चित्ताच्या सामर्थ्यासाठी कुशल कुंभार, हस्तिदंत कारागीर आणि सोनार यांचे दृष्टान्त येतात. ज्या कुंभारकामाला जग हीन म्हणते, तेच येथे सिद्ध चित्ताचे उपमान होते. संयुत्तनिकायात सुताराच्या वाकसाच्या दांड्याचा दृष्टान्त आहे. दांड्यावर बोटांचे ठसे उमटलेले असतात; आज किती झिजला, काल किती झिजला हे सुताराला सांगता येत नाही, पण झिजला एवढे त्याला निश्चित कळते. आस्रवांचा क्षयही साधकाला तसाच कळतो. ज्याने आयुष्यभर एकच हत्यार वापरले आहे त्यालाच या दृष्टान्ताचे सौंदर्य पूर्णपणे उमजेल.

सर्वांत उल्लेखनीय कथा अंगुत्तरनिकायातील आहे. वाराणसीजवळ ऋषिपतनात भगवंतांनी ती सांगितली. पचेतन राजाने आपल्या रथकाराला सहा महिन्यांत दोन चाके तयार करण्यास सांगितले. रथकाराने एक चाक सहा महिन्यांना सहा दिवस कमी असेपर्यंत खपून केले आणि दुसरे राहिलेल्या सहा दिवसांत उरकले. दिसण्यात दोन्ही सारखी. पण गडगडत सोडली तेव्हा सहा दिवसांचे चाक वेग संपताच कोलमडले आणि दुसरे मात्र आसावर बसवावे तसे उभे राहिले. घाईने केलेल्या चाकाच्या धावेत, आऱ्यांत आणि तुंब्यात वाकडेपणा व दोष राहिले होते. कथा संपवून भगवंत म्हणतात, त्या वेळचा तो रथकार म्हणजे मीच होतो. पूर्वजन्माचा शब्दशः अर्थ घेण्याची आपल्याला गरज नाही. पण सुत्ताचे संकलन करणाऱ्यांना, समाजाने हीन ठरविलेल्या जन्मात आपल्या शास्त्याला ठेवताना कसलाही संकोच वाटला नाही, हे ऐतिहासिक सत्य उरतेच.

श्रेष्ठ शिल्पांत लेखन आहे, हे वर आलेच आहे. लेखन आणि कातणे यांचा धातू एकच, ‘लिख्’. बोरू पत्रावर ओरखडा काढतो, पटाशी लाकडावर. एकाच मूळ क्रियेपैकी एकीला समाजाने गौरव दिला आणि दुसरीला मजुरी म्हटले. हा भेद क्रियेचा नव्हे. तो करणाऱ्याच्या जन्माचा आहे.

६. आजचा अंतेवासी

येथे एक सावधानता बाळगली पाहिजे. कसबाचा गौरव आणि कसबाला जन्माने जखडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. परंपरागत धंद्याचे गोडवे गाऊन माणसाला त्याच धंद्यात कोंडणारे पुष्कळ झाले. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात दाखवून दिले, की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे. तिच्यात मनुष्य काम निवडीत नाही. जन्म त्याच्यासाठी काम निवडतो. म्हणूनच घाणेरडी व अपमानकारक कामे सोडा, असे त्यांचे आपल्या लोकांना सांगणे होते. हे सांगणाऱ्या बाबासाहेबांनीच १९४२ मध्ये व्हाइसरॉयला सादर केलेल्या अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या निवेदनात तांत्रिक शिक्षणाची मागणी केली. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कार्यशाळांत अस्पृश्य मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, असे त्यात होते. पालीच्या भाषेत बोलावयाचे तर ती अंतेवासीपणाची मागणी होती. जे कसब जन्माने नाकारले गेले ते शिक्षणाने मिळावे, एवढाच तिचा अर्थ.

या शहराला ती मागणी परकी नाही. नागसेनवनातील मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. ज्या मिलिंदपञ्हावरून त्याला नाव मिळाले, त्या ग्रंथात एका सुयोजित नगराचे वर्णन आहे. त्या नगरात सोनार, मणिकार, लोहार, कुंभार, कोष्टी, चर्मकार, रथकार, हस्तिदंत कारागीर, दोर वळणारे आणि चित्रकार एकाच यादीत, एका ओळीत नांदतात. आणि त्यांच्या शेजारी गवत व लाकडे वाहून आणणारेही येतात. यादीत कोणाला वेगळा गावकुसाबाहेरचा रकाना नाही.

आज या शहराभोवती चिकलठाणा आणि वाळूज येथे कारखान्यांची वसाहत पसरली आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या सुट्या भागांसाठी परिसरात लहानमोठी यंत्रगृहे उभी राहिली. त्यांत लाकडाऐवजी पोलाद फिरते, दोरीऐवजी मोटार आणि संगणकाची आज्ञा चालते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत या व्यवसायाचे शिक्षण घेणाऱ्याला इंग्रजीत टर्नर म्हणतात. मराठी कागदपत्रांत मात्र त्याच्यासाठी जुनाच शब्द आहे, कातारी. आता तो कोणत्या घरात जन्मला यावर त्याचा प्रवेश अवलंबून नसतो. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली, ज्यांच्या आजोबांना गावच्या सुतारसाळेची पायरीही चढू दिली जात नव्हती, अशी मुले आज तेथे शिकतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची अचूकता राखताना त्यांना धारेचा आवाज ओळखावा लागतो. यंत्र अखंड फिरते खरे. पण धार पोलादाला कोठे टेकली आहे हे ओळखण्याचे काम अजून माणसालाच करावे लागते.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात सुतारांनी ज्याला आपल्या कसबाचे दैवत मानले, त्याने स्वतःला दैवत म्हणवून घेतले नव्हते. उलट, जाणीव कशी ठेवावी हे शिकविताना त्याने आपल्या भिक्षूंना एका कारागिराकडे पाहावयास सांगितले होते. त्या चैत्यगृहात जाणाऱ्या उपासकाने मूर्तीपुढे क्षणभर स्थिर बसावे, श्वास लांब आहे की आखूड हे जाणावे आणि हे जाणणे पूर्वी एका दोरी ओढणाऱ्याच्या हातावरून समजावून दिले गेले होते, याचे स्मरण ठेवावे.